पट्ट्याजवळची पहिली खुर्ची

स्तिपेच्या वेचणी यंत्रावरची पहिली खुर्ची रूझाची, हे ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीत कुणी कुणाला सांगत नसे. ढिगाऱ्यांमधून उलट्या पावली चालू नये हेही कुणी सांगत नाही. चारी बाजूंना खाणींची उघडी तोंडं. मागे सरकत सरकत फोटो काढणारा पाहुणा गेला तर थेट खालीच जातो, म्हणून पाहुण्यांसाठी तशा पाट्या लावल्यात. रूझाची नणंद येलका म्हणायची, "वहिनीच्या खुर्चीलाही एक पाटी ठोका. आत पडलेला वर येत नाही."

खुर्चीत एवढं काय होतं ते सांगायला हवं. इथे माणसं ओपलसाठी जमिनीखाली खणतात आणि निघालेली माती वर ओतून मोकळी होतात. घाईत खणणाऱ्याच्या हातून सुटलेले तुकडे त्या मातीत राहतात. मग ते ढिगारे पुन्हा उपसायचे, चाळायचे, उरलेले खडे रबरी पट्ट्यावर घालायचे आणि पट्टा पत्र्याच्या एका काळ्याकुट्ट खोक्यातून न्यायचा. खोक्यात जांभळा दिवा. त्या उजेडात साधा दगड मेल्यासारखा पडून राहतो आणि ओपल पांढरा-निळा पेटतो. पट्ट्याला लागून दोन खुर्च्या. पहिलीवरची बाई दिसेल ते वेचणार, दुसरीवरची तिच्या हातून राहिलेलं.

"म्हणजे ही जेवणार आणि मी ताट पुसणार," येलका म्हणे.

"पूस ना मग. बडबडून ताट स्वच्छ होतं का?" रूझाचं उत्तर ठरलेलं.

रूझा बारिशिच क्रोएशियातल्या इमोत्स्कीकडच्या दगडाळ गावातून लग्न करून इथे आली तेव्हा विशीत होती. नवऱ्याने पत्रात लिहिलं होतं, आपलं घर डोंगराच्या पोटात आहे, उन्हाळ्यातही गार. डोंगर तिने बराच शोधला. शेवटी उकिरड्याएवढ्या एका उंचवट्याला बसवलेलं दार दिसलं आणि ती दारातच ट्रंकेवर बसून हसली. माते, तिचा नवरा, घाबरला. रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे त्याला इतरांनी शिकवून ठेवलं होतं, हसणाऱ्या बाईचं कुणी शिकवलं नव्हतं.

माते खाली खणायचा. रूझा वर, डोक्याला ओला रुमाल गुंडाळून, ढिगाऱ्यावर उकिडवी बसायची आणि वाकड्या काट्याने माती उकरायची. तेव्हा यंत्र नव्हतं. ऊन आणि नजर, एवढंच भांडवल. मातीतला एखादा खडा जरा वेगळा चमकला की ती तो उचलायची, जिभेवर घ्यायची, धूळ गेली की उन्हात धरायची. ओला दगडच रंग दाखवतो. आत हिरवा, लाल हलला तर डब्यात, नाही तर फेकून. गावातल्या निम्म्या बायकांच्या जिभेने या वाळवंटाची चव घेतलीय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दगड चाटून मुलं शिकवलेल्या बाईला कुणी चमचा कसा धरावा हे शिकवू नये.

पुढे मातेने धान्याच्या कोठारातला एक जुना पट्टा मिळवला, त्याला चाळणी जोडली, खोका ठोकला, मोडीतल्या ट्रकच्या दोन सीटा आणल्या. चांगल्या स्प्रिंगांची सीट पुढे बसवली आणि म्हणाला, "ही तुझी." माते जाऊन आता बरीच वर्षं झाली. यंत्र पुतण्याकडे, स्तिपेकडे आलं. खुर्ची रूझाकडेच राहिली.

नजरेची एवढी धारदार बाई, पण दिशेच्या बाबतीत ठार आंधळी. जमिनीखालच्या घरांना खिडक्या नसतात, भिंती सगळ्या त्याच लालसर दगडाच्या. एकदा ती दुकानातून आली, आत शिरली, कॉफी चढवली, चपला काढून सोफ्यावर पाय पसरले, आणि आतल्या खोलीतून येलकाचा नवरा विजार सावरत बाहेर आला. रूझा त्याच्यावरच खेकसली, "माझ्या घरात काय करतोस?" येलकाने ती गोष्ट गावाला इतक्या वेळा सांगितली की गावाला पाठ झाली.

मग एका मोसमात पट्ट्याच्या शेवटी भानगड दिसली. दोन्ही खुर्च्या ओलांडून गेलेले खडे ज्या ढिगात पडतात, त्या टाकाऊ ढिगात स्तिपेला ओपल दिसू लागले. एखादा नाही, चांगले मूठभर. स्तिपे चाळिशीचा, बैलासारखा अंगाचा, पण काकूसमोर त्याचा आवाज बारीक व्हायचा.

"काकू, तुझे डोळे कसे आहेत गं हल्ली?"

"का रे? लग्नाला मुलगी बघायचीय?"

"नाही, सहज. डॉक्टर येतोय पुढच्या आठवड्यात गावात, डोळ्यांचा."

"त्याला सांग, तुझ्या आत्याचे तपास. ताट ती पुसते. ढिगात पडलेलं तिच्या हातून पडलंय."

येलका तिथेच भाकरीसारखा जाड पाव कापत होती. सुरी थांबली. "पहिल्या बाईने वेचलं असतं तर दुसरीच्या हातून पडलं असतं का? आणि स्तिपे, तू तोंडात काय धरून बसलास? तुला वाटतंय ते बोल की. वहिनी म्हातारी झाली, खुर्ची आत्याला दे. एवढंच ना?"

"मी असं म्हटलं नाही, आत्या."

"तुझ्या वतीने मी म्हटलं."

अशा वेळी ट्रांग नावाची बाई गावात आली. ॲडलेडच्या विद्यापीठातली, पस्तिशीची, आईवडील व्हिएतनामचे, बोलणं इथल्या कुठल्याही ऑस्ट्रेलियन पोरीसारखं. तिचं काम असं की गर्दीतून माणसाची नजर हवी ती वस्तू कशी शोधते, डोक्यात दिशा कशी धरते आणि यंत्राशी त्याचं जुळतं कसं, हे पाहायचं. विमानतळावर बॅगा तपासणारे झाले होते, बंदरातले क्रेनवाले झाले होते. आता तिला ओपल वेचणारे हवे होते. पाच-सहा यंत्रवाल्यांनी तिला हुसकावलं. आपला ढिगारा कुणाला दाखवायचा नाही ही इथली जुनी खोड. स्तिपेने मात्र तिने तोंड उघडायच्या आत हो म्हटलं. काकूला जे सांगायचं धाडस त्याला होत नव्हतं ते कुणी शिकलेली बाई परस्पर सांगेल, असा त्याचा हिशेब. बैलाएवढा पुरुष, आणि आडोसा घेतला तो एका परक्या बाईचा.

ट्रांगने पहिल्या दिवशी दोघींचे डोळे तपासले. रूझाचे उत्तम. खालच्या ओळीतली बारकी अक्षरं तिने वाचली आणि कागदाच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं.

"ऐकलंस ना स्तिपे? छापखान्याचं नाव!"

दुसऱ्या दिवशी टॅब्लेट आणला. पडद्यावर ठोकळ्यांची एक वाकडीतिकडी आकृती आणि शेजारी चार. त्यातली कुठली तीच आहे, फक्त फिरवलेली, ते मनातल्या मनात ओळखायचं. येलकाने पटापट बोटं लावली आणि कॉफी प्यायला गेली. रूझाने मनात फिरवून पाहिलं, जमेना. मग तिने टॅब्लेटच आडवा केला. आत चित्रही वळलं आणि पुन्हा सरळ उभं राहिलं. तिने टॅब्लेट उलटा केला. चित्र परत सरळ.

"हे बेरकी आहे," ती म्हणाली. "मी फिरवते तसं हेही फिरतं. याला बांधून ठेव, मग सांगते."

ट्रांग ओठ दाबून हसू आवरत होती. "काकू, टॅब्लेट नाही फिरवायचा. डोक्यात फिरवायचं."

"डोक्यात फिरलं असतं तर मी दुसऱ्याच्या सोफ्यावर झोपले असते का?"

हसण्यात दिवस गेला, पण संध्याकाळी स्तिपे म्हणाला, "आता पट्ट्याची परीक्षा." ट्रांगने जांभळ्या दिव्यात ओपलसारखेच पेटणारे, रंग लावलेले खडे करून आणले होते. ते मातीत मिसळायचे. पहिल्या खुर्चीवर आळीपाळीने दोघी, दुसरी रिकामी. कुणाचे किती सुटले ते मागे पडलेल्यांवरून कळणार. शिवाय चष्म्यासारखं एक यंत्र, डोळ्यांवर घालायचं. नजर कुठे पडली, कुठे थांबली, सगळं टिपणारं.

स्तिपे घाम पुसत पुढे काहीतरी म्हणणार होता. रूझाने त्याला बोलू दिलं नाही. तिला एकदा ईर्षा चढली की ती दुसऱ्याने खणण्याआधी स्वतःच खड्डा खणायची.

"तुला काय पाहिजे मला माहीत आहे. ऐक, सगळ्यांसमोर सांगते. माझे जास्त सुटले तर खुर्ची येलकाची. तिचे जास्त सुटले तर ताटाचं नाव ती जन्मात काढणार नाही."

"मंजूर," येलका म्हणाली. ती इतक्या पटकन म्हणाली की रूझाला जरा चुकल्यासारखं झालं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि दिलेला शब्द परत घ्यायची सवय तिच्या माहेरात नव्हती.

परीक्षा झाली. खोक्यात रूझा नेहमीसारखी बसली, गुडघ्यांवर ओला टॉवेल, डाव्या हाताला मागे टांगलेला डबा, डोळ्यांवर तो चष्मा. तिला वाटलं एकही सुटला नाही. येलकालाही तसंच वाटलं. इथेच गंमत आहे. सुटलेलं दिसलं असतं तर ते सुटलंच नसतं.

निकाल रविवारी स्तिपेच्या घरी, दुपारच्या जेवणानंतर. कोबीच्या पानातला खिमा सगळ्यांनी पोटभर खाल्ला होता, रकियाचे, म्हणजे फळांच्या कडक दारूचे, छोटे पेले फिरत होते. ट्रांगलाही कुणीतरी एक पेला दिला आणि तिचे कान लाल झाले.

"येलकाआत्यांचे कमी सुटले," ती म्हणाली. "काकूंचे जास्त. बरेच जास्त. पण डोळ्यांमुळे नाही. का ते दाखवते."

टीव्हीवर खोक्यातला अंधार आला. पट्टा सरकतोय, आणि काळ्या खड्यांवरून एक लाल ठिपका फिरतोय. तो ठिपका म्हणजे रूझाची नजर. काय फिरत होती! पट्ट्यावर एक पांढरा कण दिसायचा अवकाश, ठिपका झेपावून त्याच्यावर. हात आला, खडा उचलला.

"बघा!" रूझा म्हणाली. "घार आहे घार."

मग ठिपका पट्ट्यावरून सुटून वर गेला. छताकडे. खडाही वर आला, अगदी जवळ, अख्खा पडदा व्यापणारा. आणि आवाज आला. चट्. थोडा वेळ ठिपका त्या खड्यावर प्रेमाने रेंगाळला. खाली, पडद्याच्या कडेला, दोन पांढरे कण शांतपणे तिच्या कोपराखालून निघून गेले.

स्तिपे टीव्हीकडे आणखी वाकला.

पुन्हा ठिपका, पुन्हा खडा, पुन्हा वर. चट्. खालून आणखी एक गेला.

"वहिनी," येलका अगदी हळू म्हणाली, "तू चाटतेस?"

रूझाने पेला उचलून एक घोट घेतला.

"अंधारात?"

"सवय आहे," रूझा म्हणाली.

"जांभळ्या दिव्यात रंग दिसत नाही गं! ओला कर नाही तर दुधाने आंघोळ घाल, पांढराच दिसणार! इतकी वर्षं तू तिथे बसून... आणि मी शेजारी! मला वाटायचं तुझी कवळी वाजते!"

मग जो हशा उठला तो आवरेना. स्तिपेच्या बायकोला ठसका लागला. स्तिपे तोंडावर उशी घेऊन बसला. ट्रांग बिचारी मोठ्याने सांगत होती, की हे सगळ्यांचंच होतं, माणसाला एक सापडलं की नजर सैल पडते, दुसरं समोर असून दिसत नाही, एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांचंही असंच होतं. ऐकतंय कोण?

रूझा उठली. टेबलावर हात आपटला. "रंग लावलेले खडे चाटायला लावलेत मला! विष होतं का त्यात?"

"नाही काकू, लहान मुलांच्या खेळण्यांचा रंग आहे."

"मग ठीक. खुर्ची येलकाची. मी शब्दाची आहे." आणि ती ताठ मानेने दारातून बाहेर पडली. फक्त ते दार कोठीघराचं होतं. स्तिपेने नुकतीच ती खोली कोरली होती. आत बटाट्याची पोती आणि लटकवलेला हॅम. ती आत किती वेळ उभी राहिली असेल कुणास ठाऊक. हसण्याची दुसरी लाट ओसरल्यावर बाहेर आली, कुणाकडे न बघता म्हणाली, "हॅमला बुरशी धरलीय," आणि मग खऱ्या दारातून गेली.

सोमवारी सकाळी ती यंत्रावर येणार नाही अशी गावात पैज लागली होती. ती सगळ्यांच्या आधी आली. दुसऱ्या खुर्चीत बसली. या सीटची एक स्प्रिंग टोचायची. इतकी वर्षं येलका यावर बसली, हे पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, पण ते बोलून दाखवण्याइतका राग अजून उतरला नव्हता.

येलका पहिल्या खुर्चीत बसली, तीही जरा अवघडून, परक्या घरी जेवायला बसल्यासारखी. पट्टा सुरू झाला. जांभळ्या दिव्यात विंचूही पेटतो; तसा एक विंचू पट्ट्यावरून हिरवा पेटत आला, शेपटी उभारून. येलकाने त्याला तसंच जाऊ दिलं.

"हा तुझ्यासाठी सोडला, वहिनी. चाटून बघ."

रूझाने चिमट्याने विंचू उचलून बाहेर फेकला. तिचं लक्ष पट्ट्यावर होतं, कारण पट्ट्यावरून एक ओपल येत होता. येलकाच्या पुढून आलेला. रूझाने उचलला, हात आपोआप तोंडाकडे निघाला, तिने तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. मग आणखी एक आला. मग तिने खडे बघायचे सोडून येलकाकडे बघायला सुरुवात केली.

येलका चाटत नव्हती. पण खडा उचलला की डावीकडे वळायची, कारण डबा मागच्या बाजूला लटकवलेला, त्याचं तोंड बारीक, अंधारात सापडायचं नाही. ती डबा चाचपडायची, भोकात खडा सोडायची, मग परत वळायची. तेवढ्यात पट्टा पुढे जायचा.

"येलके!"

"काय?"

"तू माझ्यासारखीच आहेस! माझी जीभ, तुझा डबा! आत्ता दोन गेले. हे बघ, माझ्या हातात आहेत!"

"खोटं."

"हात लावून बघ."

येलकाने वळून हात लावून पाहिले. तेवढ्यात तिसरा गेला, तो दोघींच्याही हातून गेला.

"गेला तो!" रूझा ओरडली.

"जाऊ दे ना! एकदा उचललं की ते कुठेतरी ठेवावं लागतंच, माणसाला दोनच हात आणि एकच मान आहे. एवढं वाटतं तर पट्ट्याला सांग, थांब रे बाबा, बाईसाहेबांना वेळ हवाय!" येलकाने टोमणा मारला आणि परत वळली.

रूझा मात्र तिथेच अडकली. पट्ट्याला का नाही सांगायचं? पट्टा गव्हासाठी बनवलेला. गव्हाला कुणी निवडत बसत नाही, गहू आपला वाहतो. मातेने तो आणला, जोडला, चालू केला, आणि तेव्हापासून दोन बाया त्याच्या चालीने डोळे पळवतायत. चुकलं की बाई म्हातारी. पट्ट्याला कुणी म्हातारा म्हणालं नाही.

ती खोक्याचं दार ढकलून उन्हात आली. बाहेर ट्रांग आणि स्तिपे.

"पट्टा थांबला पाहिजे," ती म्हणाली.

"का, काय झालं? कुणाला लागलं?" स्तिपे धावला.

"कुणाला काही झालं नाही. मी खडा उचलला की पट्टा थांबला पाहिजे, ठेवला की चालला पाहिजे. शिलाई यंत्राला पायाशी असतं तसं कर काहीतरी."

"काकू, सारखं थांबवलं तर वरून माती तुंबेल. डिझेल जाईल, दिवसाचा माल कमी होईल..."

"ढिगात जातंय ते मग काय आहे? उपकार?"

ट्रांगचा चेहरा मात्र उजळला होता. "स्तिपे, मी हेच सांगणार होते, रविवारी कुणी ऐकलं नाही. माणूस एका जागी पुन्हा पुन्हा चुकत असेल तर आधी खुर्ची बघायची, पट्टा बघायचा, डबा कुठे टांगलाय ते बघायचं. माणूस सगळ्यात शेवटी. माझं अख्खं काम एवढंच आहे."

"मग एवढं शिकायला विद्यापीठात कशाला गेलीस?" रूझा म्हणाली. "माझ्याकडे यायचंस."

"तुम्ही मागच्या आठवड्यापर्यंत चाटत होता, काकू."

रूझा तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या पाठीत एक जोरदार थाप मारली. "ही पोरगी चांगली आहे," ती स्तिपेला म्हणाली. "बोलते."

स्तिपेने पायाशी दाबायची कळ बसवली. पहिला दिवस नुसता गोंधळ. कळ दोघींच्याही पायाशी, एकेक. रूझाने थांबवला की येलका वैतागायची, येलकाने थांबवला की रूझा. "मी बघतेय ना!" "तर बघ, मी ठेवतेय!" रूझाला तर ती कळ इतकी आवडली की तिने पाय उचललाच नाही; बाहेर माती तुंबून चाळणीवरून ओसंडली आणि स्तिपे फावडं घेऊन शिव्या देत राहिला, क्रोएशियन भाषेत, म्हणजे ट्रांगला कळू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी ट्रांगने डबे काढून टाकले. प्रत्येकीच्या मांडीसमोर, पट्ट्याला लागूनच, रबराचं मोठं नरसाळं बसवलं. खडा उचलून मान न वळवता सोडून दिला की झालं. पट्ट्याचा वेगही जरा उतरवला. मग कळ फारशी लागेना. एकदम दोन-तीन पांढरे एकत्र आले तरच.

आणि रूझाची जीभ? ती एकदम सुटली असं नाही. हात अर्ध्यात यायचा, शेजारून येलका अंधारातच म्हणायची, "वहिनी, जेवायला वेळ आहे," आणि हात खाली जायचा.

रंगाचे खडे पुन्हा मिसळले गेले. पुन्हा आळीपाळीने. या वेळी स्तिपेने निकालासाठी कुणाला बोलावलं नाही. यंत्राशेजारी, पत्र्याच्या सावलीत, माश्या हाकत चौघंच उभी राहिली.

"दोघींचे जवळपास सारखेच," ट्रांग म्हणाली. "आणि फार थोडे."

"सारखे म्हणजे?" रूझाने विचारलं. "कुणाचा एक तरी कमी असेल."

"एवढ्या थोड्यात एकदोनाने काही ठरत नाही, काकू."

"मग खुर्ची कुणाची?"

स्तिपेने घसा साफ केला. या वेळी तो आडोशाला गेला नाही, त्याचं कौतुक करायला हवं. "काकू, आत्या, ऐका. ट्रांग म्हणते, एकाच जागी तेच बघून बघून कुणाचीही नजर मंदावते. पहिल्या खुर्चीत जास्तच. तेव्हा दर अर्ध्या तासाने जागा बदलायची. घंटा लावतो. पहिली दोघींची, दुसरी दोघींची."

"म्हणजे कुणाचीच नाही," रूझा म्हणाली.

"तसं नाही..."

"तसंच आहे. मातेने ती मला दिली होती."

येलका पायाने मातीतला एक खडा उलटापालटा करत होती. माते तिचा भाऊ होता. ती म्हणाली, "वहिनी, तू शब्द दिला होतास, हरलीस, खुर्ची माझी झाली. बरोबर? आता माझी खुर्ची मी कुणाला अर्धी द्यायची ते मी ठरवणार. तुला देते. घ्यायची तर घे. नाही तर स्तिपेच्या बायकोला बसवते, तिला विंचवाची भीती वाटते, पण शिकेल."

"ती? ती तर दिवसा उन्हातसुद्धा चष्मा शोधते."

"तर मग."

रूझाने कमरेवर हात ठेवले, ढिगाऱ्यांकडे बघितलं, परत येलकाकडे बघितलं. "त्या दुसऱ्या सीटची स्प्रिंग बदलायची," ती स्तिपेला म्हणाली. "टोचते. इतकी वर्षं टोचतेय, कुणी बघत नाही."

"आज बदलतो."

"आधी बदल, मग घंटा."

तेव्हापासून घंटा वाजते. ट्रांग परत ॲडलेडला गेली; जाताना रूझाने तिला वाटेसाठी एवढं खायला बांधून दिलं की ते तिच्या विभागातल्या सगळ्यांना पुरलं असणार. यंत्र चालू आहे. मागच्या ढिगात अजूनही अधूनमधून एखादा पांढरा निघतो, स्तिपे तो गुपचूप खिशात टाकतो आणि कुणाला विचारत नाही की कुणाचा.

पहिले काही दिवस रूझा पहिल्या खुर्चीतून उठायला वेळ लावायची. घंटा ऐकूच आली नाही असं दाखवायची. येलकाने कान धरून उठवल्यासारखं उठवायला लागायचं. नंतर उलटंच सुरू झालं. परवाचीच गोष्ट. येलका पुढे, रूझा मागे. घंटा वाजली. येलका गुडघे धरत उठायला लागली.

"बस, बस," रूझा म्हणाली. "थोडा वेळ बस अजून."

"का गं? बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? बस म्हणते ना."

येलका शंकेने परत बसली. पट्टा चालला. जरा वेळाने मागून खडा नरसाळ्यात पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ रूझाचा, समाधानाने ओतप्रोत:

"हा तुझा सुटलेला. घंटा वाजल्यापासून दुसरा. उठू नकोस हं, येलके, अजून एक येऊ दे."